उपनगरातली खिडकी

हैदराबादच्या वायव्येला कुकटपल्ली, निझामपेट, मियापूर, चंदानगर या बाजूला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी माणसे येऊन राहिली, त्यांत नांदेड, परभणी, लातूर, सोलापूर या भागांतून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलाला किंवा सुनेला हायटेक सिटीत नोकरी लागते, कर्ज काढून सदनिका घेतली जाते, आणि मग केव्हातरी गावाकडच्या घराला कुलूप लावून आईवडीलही इकडे येतात. खरेदीखत नोंदले जाते, घरपट्टी नावावर लागते, गॅसची टाकी येते, दारावर मराठी पाटी चढते. परंतु ‘हे आपले’ ही भावना या कागदपत्रांच्या पाठोपाठ येतेच असे नाही. शेजारणीने हळदीकुंकवाला बोलावले म्हणून ती येते असेही नाही, कारण शेजारीही बहुधा आपल्यासारखेच कुठूनतरी आलेले आणि दिवसभर बाहेर असलेले असतात. माझ्या पाहण्यात ही भावना रुजते, किंवा रुजता रुजता करपते, ती खिडकीपाशी. बँकेची खिडकी, टपाल कचेरीची खिडकी, औषधाच्या दुकानातला गल्ला, दवाखान्यात नंबर लावण्याचे टेबल, बसचे दार, अशा जागी परक्या माणसाला आपले नाव सांगावे लागते आणि आपली गरज मांडावी लागते. आणि समोरचा आपल्याला माणूस म्हणून पाहतो आहे की अंगावर आलेले एक काम म्हणून, हे तिथे क्षणार्धात उमगते. म्हणूनच खिडकीवरच्या उद्धटपणाची तक्रार ही मला मामुली बाब वाटत नाही, आणि तिचा विचार केवळ शिष्टाचाराच्या सदरात करणे हे अपुरे आहे असे मला वाटते.

मराठी माणूस या शहराला नवखा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, तोपर्यंत औरंगाबादच्या किंवा बीडच्या माणसाची राजधानी हीच होती. दाद मागायची ती इथल्या हायकोर्टात, आणि उच्च शिक्षण घ्यायचे ते उर्दू माध्यमातून सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात. मुशी नदीच्या उत्तरेला ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आश्रयाने जी वस्ती वाढली, तिच्यात सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या मोहल्ल्यांत मराठी वकील, शिक्षक, सावकार आणि दफ्तरातले कारकून येऊन राहिले. आज शहराच्या ऐन मध्यावर असलेला हा भाग त्या काळी उपनगरच होता. चादरघाट या नावाने १८८६ साली त्याची स्वतंत्र नगरपालिका झाली आणि १९३३ साली ती शहरात विलीन झाली. या जुन्या उपनगरात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली, मराठी ग्रंथसंग्रहालय चालले, मराठी साहित्य परिषदेने ‘पंचधारा’सारखे नियतकालिक चालवले. या संस्थांचे ऋण मोठे आहे. तथापि तिथल्या माणसाला ती वस्ती आपली वाटण्याचे श्रेय मी तितकेच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीला देईन, ज्या वहीत त्याच्या आजोबांचे नाव होते आणि ज्या गल्ल्यावरचा मालक त्याच्या घरातल्या आजारपणाची चौकशी केल्यावाचून पुडा बांधत नसे.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. हैदराबादी अदब म्हणून ज्या वागणुकीची ख्याती आहे, ‘तशरीफ रखिए’ म्हणून गिऱ्हाइकाला गादीवर बसवणे, पानाचा डबा पुढे करणे, मालाचा भाव शेवटी सांगणे, ती वागणूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नसे. अंगावरची शेरवानी आणि दारापुढचा टांगा पाहून ती मापली जाई, आणि अनवाणी आलेल्या खेडुताला त्याच दुकानात पायरीवरूनच जाब मिळे. आजच्या खिडकीचा एक दावा तरी निर्विवाद न्याय्य आहे, आणि तो असा की रांगेत सर्वांचा क्रम सारखा. त्या समतेला सौजन्याची जोड मिळाली नाही, हे खरे दुखणे आहे.

एप्रिल २००७ मध्ये कुकटपल्ली, शेरिलिंगमपल्ली, कुतबुल्लापूर, अलवाल, मल्काजगिरी, उप्पल, एल. बी. नगर आदी बारा नगरपालिका मूळ महानगरपालिकेत सामील करून बृहन्हैदराबाद महानगरपालिका स्थापन झाली, आणि कालपर्यंत ज्या गावांना स्वतःचे तलाव, स्वतःची वेस आणि स्वतःचा आठवडी बाजार होता ती एका अवाढव्य शहराची उपनगरे ठरली. तिथे घर करणाऱ्यांत गोदावरीच्या काठचे आंध्र लोक आहेत, बिहार-ओडिशाकडचे आहेत, राजस्थानी आहेत, आपले मराठी आहेत. खिडकीच्या अलीकडचाही बाहेरून आलेला आणि पलीकडचाही बाहेरून आलेला. दोघांनाही एकमेकांचे गाव, घराणे, बोलण्याची ढब यांतले काहीच ठाऊक नाही. जुन्या मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीने जे काम आपोआप होत असे, ते इथे दीड-दोन मिनिटांच्या व्यवहारात, मोडक्यातोडक्या हिंदीत, काचेच्या भोकातून व्हावयाचे असते.

आमच्या मजल्यावर एक काकू राहतात. परभणीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी तीन दशके मुलांना अक्षरे गिरवायला शिकवले आणि निवृत्तीनंतर मुलाकडे इकडे आल्या. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून आपण हयात असल्याचा दाखला दर नोव्हेंबरात रुजू करावा लागतो, हे वाचकांना ठाऊक असेल. त्यासाठी त्या एका बँकेच्या आमच्या भागातल्या शाखेत गेल्या आणि मी त्यांच्या सोबतीला होतो. खिडकीवरच्या तरुणाने मान वर न करता ‘सर्वर डाउन है, कल आइए’ असे सांगून कागद परत सरकवला. दुसऱ्या दिवशी यंत्र चालू होते, पण बोटांचा ठसा उमटेना. काकूंनी अंगठा पदराला पुसला, काचेवर टेकवला, पुन्हा पुसला, मग तर्जनी लावली, मग डाव्या हाताची बोटे लावून पाहिली. यंत्रावरचा तांबडा दिवा दर वेळी लागत होता आणि दर वेळी त्या त्याच्याकडे नापास झालेल्या मुलासारख्या पाहत होत्या. ‘उंगली ठीक से रखो ना अम्मा, पीछे लोग खड़े हैं,’ असे तो तरुण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वसकला, मागच्या रांगेत कोणीतरी हसले, आणि ज्या बाईने आयुष्यभर वर्गाला गप्प बसवले ती बाई एक शब्द न बोलता कागदांची पिशवी उचलून बाहेर आली. रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, “आपलं गाव असतं ना, तर मी त्याला तिथंच ऐकवलं असतं. इथं कुणाच्या भरवशावर बोलायचं?”

उतारवयात बोटांवरच्या रेषा झिजतात आणि ठसा जुळत नाही, ही गोष्ट तंत्रज्ञांना चांगली माहीत आहे. म्हणूनच २०१४ साली सुरू झालेल्या जीवन प्रमाण या अंकीय दाखल्याच्या योजनेत २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचीही सोय करण्यात आली. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना हुकूम दिला आहे की ज्येष्ठ नागरिकांसाठी खिडकीवर प्राधान्याची तजवीज असावी, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत स्वीकारला जावा, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा मिळावी. काकूंना यातले काही त्या खिडकीवर सांगण्यात आले नाही. परंतु त्यांना लागले ते हे अज्ञान नव्हे. मार्ग न सांगणे ही सेवेतली उणीव झाली. त्यांना लागला तो चारचौघांतला पाणउतारा, आणि त्याहूनही तो मुकाट्याने गिळावा लागणे.

काकूंच्या ‘इथं कुणाच्या भरवशावर बोलायचं?’ या एका वाक्यात या विषयाचे मर्म आहे. दुपारी एकला दार ओढून घेणारा, ‘घ्यायचं असेल तर घ्या’ असे तोंडावर सांगणारा पुण्याचा दुकानदार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या तुसडेपणाच्या कथा पुणेकर रागाने नव्हे तर अभिमानाने सांगतात, कारण त्या फटकाऱ्याने गिऱ्हाइकाचे पुणेकरपण डळमळत नाही, उलट आपण दोघे एकाच गावचे आहोत ही जाणीव पक्की होते, आणि मनात आणले तर तोही दोन शब्द सुनावू शकतो. तेच शब्द नव्या वस्तीत उतरलेल्या माणसाच्या कानी पडले की त्यांचा अर्थ पालटतो: तू इथला नाहीस, असा निकाल कोणीतरी दिला असे त्याला वाटते. हैदराबादी दखनी तर अशी बोली आहे की तिच्यातला ‘तू’ कित्येकदा निव्वळ सलगीचा असतो, आणि तेलंगणातल्या तेलुगूचा रोखठोकपणा किनारपट्टीच्या तेलुगू माणसालादेखील खरखरीत वाटत आला आहे. तेव्हा जे कानाला बोचते ते प्रत्येक वेळी अपमान करण्याच्या इराद्याने बोललेले असतेच असे नाही. परंतु हे समजण्यासाठी आधी त्या वस्तीचा कान लाभावा लागतो, तो लाभण्यासाठी तिथल्या माणसांशी बोलावे लागते, आणि ज्याला पहिल्या दोन खिडक्यांवर झिडकारले गेले तो तिसऱ्या खिडकीवर तोंड उघडण्याचे टाळतो. उद्धटपणा परक्याला अधिक बोचतो, आणि उद्धटपणानेच त्याचे परकेपण लांबते, असा हा पेच आहे.

या पेचाची दुसरी बाजू आशादायक आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कॉफीच्या दुकानात जाणाऱ्या काही गिऱ्हाइकांना सांगितले की पैसे हातात तयार ठेवा आणि झटपट काम उरका. इतरांना सांगितले की विक्रेत्याकडे पाहून हसा, दोन शब्द बोला. नंतर विचारता असे दिसले की दोन शब्द बोलणाऱ्यांचे मन अधिक प्रसन्न होते, आणि आपण या जनसमुदायातले आहोत ही भावनाही त्यांच्यात अधिक होती. शहरांच्या घडणीचा मर्मग्राही अभ्यास करणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात न्यूयॉर्कमधल्या आपल्या गल्लीचे वर्णन करताना असे दाखवले आहे की लोक पाहुण्यांसाठी घराची किल्ली नेमक्या त्या दुकानदाराकडे ठेवत, जो त्यांचा मित्र नव्हता पण भरवशाचा होता. आणि असा भरवसा पदपथावरच्या, गल्ल्यावरच्या असंख्य क्षुल्लक भेटींतून साठत जातो. ‘कुणाच्या भरवशावर’ हा काकूंचा प्रश्न आणि जेकब्स यांचे हे निरीक्षण मला एकाच ठिकाणी पोचलेले दिसते.

मग खिडकीवरचा माणूस असा का वागतो? त्याच्या घरच्या संस्कारांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. मायकेल लिप्स्की या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९८० साली असे मांडले की सरकारची धोरणे जनतेपुढे प्रत्यक्ष आकार घेतात ती अगदी शेवटच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याच्या हातून, आणि या कर्मचाऱ्याकडे काम अफाट, साधने तुटपुंजी आणि वेळ अपुरा असल्यामुळे तो माणसांना लवकर निकालात काढण्याच्या युक्त्या शिकतो. उद्या बोलावणे, कागदात खोट काढणे, आवाज चढवणे या त्यातल्या प्रमुख युक्त्या होत, हे कोणत्याही कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला सांगावयास नको. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पगाराच्या मोबदल्यात हसू विकावे लागण्याचा मनावर काय ताण येतो हे दाखवले. त्याच ग्रंथात थकबाकी वसूल करणाऱ्या कारकुनांचाही विचार आहे, ज्यांना धनी हसू नव्हे तर जरब मागतो. म्हणजे सौजन्य आणि उर्मटपणा हे दोन्ही पुष्कळदा वरून ठरवून दिलेले असतात.

त्यात बदलीची भर पडते. १९४१ साली निजामाच्या राजवटीत हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली, पुढे तीच स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आणि मराठवाड्यात गावोगाव तिच्या शाखा निघाल्या. तिकडचे लोक तिला नुसते ‘हैदराबाद बँक’ म्हणत. (काकूंचा प्रसंग घडला ती बँक निराळी.) नांदेड-परभणीकडे उमेदीची वर्षे घालवलेला कारकून बढतीवर हैदराबादेत यावा, आणि खातेदाराचे आडनाव वाचून ‘तुमच्याकडे पाऊस कसा आहे?’ असे विचारावे, हा त्या बँकेच्या विस्तारातला एक सहज योग होता. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. सर्व देशभर एकच परीक्षा घेऊन अधिकारी निवडण्याची आजची रीत गुणवत्तेच्या दृष्टीने योग्यच आहे. पण त्या रीतीने आलेला तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, ज्याला तेलुगू येत नाही, जो अमीरपेटच्या एखाद्या वसतिगृहात तिघांबरोबर खोली वाटून राहतो आणि ज्याला दिवसाचे उद्दिष्ट पुरे न केल्याबद्दल संध्याकाळी फोनवर बोलणी खावी लागतात, तो स्वतःच या शहराला आपले म्हणू शकलेला नसतो. त्याने काकूंचे स्वागत कोणत्या घराच्या वतीने करावे? हा प्रश्न मी त्याच्या उद्धटपणाला माफी म्हणून विचारत नाही. त्याने केले ते वाईटच होते. परंतु त्याला अधिक भरडून ते सुधारणार नाही.

व्यवस्था बदलली की वागणूक बदलते, याचा दाखला याच शहराने दिला आहे. विजेचे बिल एका कचेरीत, पाणीपट्टी दुसरीकडे, घरपट्टी तिसरीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी ठरावीक बाबूच्याच टेबलापुढे रांग, असा प्रकार असताना १९९९ साली बंजारा हिल्समध्ये एका छपराखाली ही सर्व कामे करणारे केंद्र प्रयोगादाखल निघाले आणि २००१ पासून ‘ई-सेवा’ या नावाने त्याचा विस्तार झाला. तिथे कोणत्याही खिडकीवर कोणतेही बिल घेतले जाई. नागरिकाला बसायला खुर्ची मिळाली, हातात क्रमांक मिळाला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अमुक एका बाबूच्या मर्जीवर त्याचे काम अवलंबून राहिले नाही. अडवण्याचा अधिकार संपल्यावर अडवणाऱ्याची मुजोरीही ओसरली. सौजन्याचे वर्ग भरवून जे साधले नसते ते खिडक्यांच्या मांडणीने साधले. आता बहुतेक बिले हातातल्या फोनवर भरली जातात आणि तरुणांना या केंद्रांची आठवणही नाही. म्हाताऱ्या माणसांना मात्र फोनच्या पडद्यावर कोणी उद्धट भेटत नाही तसे कोणी मदतीलाही भेटत नाही, आणि आठवड्यातून एकदा कोणाशी तरी बोलण्याचे निमित्तही त्यांच्या हातून गेले आहे.

बसचे दार ही आणखी एक खिडकी. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या गाड्यांत विनामूल्य प्रवास करता येतो. वाहक ओळखपत्र पाहून शून्य रकमेचे तिकीट देतो. ही योजना मोठ्या मोलाची आहे, आणि तिच्यामुळे गाड्यांत जी गर्दी लोटली तिच्यातून वाट काढत प्रत्येकीचे कार्ड पाहणाऱ्या वाहकाची दया यावी अशी त्याची अवस्था असते. पण सवलत राज्यातल्या रहिवाशांपुरती असल्यामुळे ज्या बाईच्या आधारकार्डावर अजून महाराष्ट्राचा पत्ता आहे तिला पैसे देऊन तिकीट काढावे लागते. नियम वाजवी आहे. तरीही भरलेल्या गाडीत ‘ये नहीं चलता, अम्मा’ म्हणून कार्ड परत हातात येते तेव्हा, इथे घर घेऊन राहिलेल्या त्या बाईला आपण बाहेरच्या आहोत हे साऱ्यांसमक्ष ऐकावे लागते. मी असेही वाहक पाहिले आहेत की जे कार्ड परत देताना ‘पत्ता बदल लो अम्मा, आगे से टिकट नहीं लगेगा’ असे सांगतात. नियम तोच आणि तिकिटाचे पैसेही तेवढेच, पण ती बाई पुढच्या आठवड्यात पत्ता बदलायला जाते.

उद्धटपणाविरुद्ध दाद मागण्याचे मार्ग नाहीत असे नाही. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा झपाट्याने वाढल्या तेव्हा ग्राहकसेवेचा विचार करण्यासाठी १९७५ साली स्टेट बँकेचे अध्यक्ष तलवार यांच्या नेतृत्वाखाली कार्यगट नेमला गेला. १९९० मध्ये गोईपोरिया समिती, २०१० मध्ये दामोदरन समिती आली. डिसेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहक-हक्कांची सनद काढली आणि तिच्यात पहिला हक्क न्याय्य वागणुकीचा घातला. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते; इतर सेवांसाठी ग्राहक साहाय्याचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे फिर्याद करण्याची मुभा दिली आहे. तथापि पैसे बुडाले, माल खराब निघाला, यासाठी ही साधने जितकी उपयोगी आहेत तितकी चढलेल्या आवाजासाठी नाहीत; झालेला पाणउतारा अर्जात लिहून काढणे बहुतेकांना आणखी एक पाणउतारा वाटतो, आणि काकूंनीही अर्ज करण्यास नकार दिला.

माझा अधिक विश्वास एका फारशा चर्चेत नसलेल्या तरतुदीवर आहे. प्रत्येक शाखेत ग्राहकसेवा समिती असावी, तिच्यात खातेदारांचे, शक्यतो ज्येष्ठ नागरिकाचे, प्रतिनिधित्व असावे आणि तिची बैठक महिन्यातून निदान एकदा व्हावी, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे. आमच्या वसाहतीतल्या काही निवृत्त मंडळींनी शाखेच्या व्यवस्थापकांना त्याप्रमाणे पत्र दिले आहे. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांसाठी एक माणूस खिडकीबाहेर टेबल टाकून बसवावा, ठसा न जुळल्यास पुढचे उपाय तेलुगू, हिंदी, उर्दू आणि मराठी अशा चार भाषांत फलकावर लावावेत, आणि खिडकीवर एकाच मुलाला सलग किती तास व किती माणसे हाताळावी लागतात हेही समितीपुढे ठेवावे, अशा तीन मागण्या त्यात आहेत. तिसरी मागणी काकूंनी घालायला लावली. पत्राची पोच मिळाली आहे, आणि बैठकीला कोणी जायचे याची यादी आम्ही करीत आहोत.